ताबा सूचनेखाली चार ओळी साध्या मराठीत छापाल का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आतल्या पानांवर, राशीभविष्याच्या पुढे आणि शेअर बाजाराच्या अलीकडे कुठंतरी, मुंगीएवढ्या टायपात चौकटी येतात बघा. वर बँकेचा लोगो, खाली 'ताबा सूचना', म्हणजे कर्ज थकलं म्हणून बँकेनं घराचा ताबा घेतल्याची नोटीस, आणि मग सुरुवातच 'ज्याअर्थी'ने. ज्याअर्थी निम्नस्वाक्षरीकार हे अमुक बँकेचे प्राधिकृत अधिकारी आहेत आणि ज्याअर्थी सिक्युरिटायझेशन अँड रिकन्स्ट्रक्शन ऑफ फायनान्शियल ॲसेट्स अँड एन्फोर्समेंट ऑफ सिक्युरिटी इंटरेस्ट ॲक्ट २००२... इथपर्यंत आलं की माणूस पान उलटतो. मीपण उलटायचो. ती चौकट कुणासाठी असते, कुणी वाचायची असते, याबद्दल हे पत्र आहे, जरा लांबेल, काटछाट केलीत तरी चालेल फक्त मागणी ठेवा.

आधी माझं सांगतो. मी २६ वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत क्लार्क होतो, त्यातली शेवटची १४ वसुलीच्या टेबलावर. म्हणजे मी पलीकडच्या बाजूचा माणूस. वसुली अधिकाऱ्याबरोबर खळीचा डबा आणि नोटिसांची पिशवी घेऊन गावोगाव फिरलोय, दारावर नोटीस डकवलीय, पंचांच्या सह्या घेतल्यात, गावात दवंडी दिलेली ऐकलीय. लोकांनी चहा पण पाजलाय आणि कुत्रं पण सोडलंय. त्यामुळं जप्ती, लिलाव हे शब्द मला नवीन नाहीत, आणि तरीही माझ्याच घरात मी माती खाल्ली. ती कशी ते सांगतो.

माझा मावसभाऊ, माझ्यापेक्षा ११ वर्षांनी लहान, चिंचवडला एका व्हेंडर कंपनीत होता. २०१५ साली २२ लाखांचं होमलोन काढून वन बीएचके घेतला, हप्ता १९ हजार ८०० च्या आसपास, सात-साडेसात वर्षं एकही हप्ता चुकला नाही. डिसेंबर २०२२ ला कंपनीनं लाईन बंद केली आणि हा घरी बसला. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च तीन हप्ते गेले. कुणाला सांगितलं नाही, मला तर नाहीच, कारण मी 'वसुलीवाला' ना. मे महिन्यात रजिस्टर पोस्टानं पाकीट आलं, इंग्रजीत, सहा पानं. त्यानं पहिलं पान वाचलं, १७ लाख ९० हजार हा आकडा बघितला आणि देवघराच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. नंतर मला म्हणाला, दादा, तीन हप्त्याचे साठ हजार होतात आणि हे अठरा लाख मागतायत, मला वाटलं दुसऱ्याचं काहीतरी चुकून माझ्या नावावर आलंय.

चुकून आलेलं नव्हतं. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत, होतं आणि एनपीए झालं की बँक नुसती थकबाकी नाही तर अख्खं कर्ज एकदम मागू शकते. ते मागण्याची नोटीस म्हणजे वर लिहिलेल्या २००२ च्या कायद्याच्या कलम १३(२) ची, आणि ती ६० दिवसांची असते. हे ६० दिवस म्हणजे काय चीज आहे ते कुणीच सांगत नाही हो. या काळात माणूस बँकेला लेखी उत्तर देऊ शकतो, माझा हिशोब चुकलाय, मला मुदत द्या, मी थोडे थोडे भरतो, जे काय असेल ते, आणि बँकेला त्याला १५ दिवसांत कारणासकट लेखी उत्तर द्यावंच लागतं. या काळात नुसती थकबाकी सगळी भरली तरी खातं परत रेग्युलर होतं आणि बँका शक्यतो तिथंच थांबतात, त्यांना काय घरं गोळा करायची हौस नसते. या काळात फ्लॅट स्वतः विकता पण येतो, फक्त नोटीस मिळाल्यावर बँकेची लेखी परवानगी लागते. माझ्या भावाकडं त्यावेळी बायकोचे दागिने होते, पीएफ येणार होता, मी होतो. साठ-ऐंशी हजारांचा प्रश्न होता. पाकीट ड्रॉवरमध्ये.

ऑगस्टमध्ये दारावर ताबा सूचनेचा कागद लागला. फेविकॉलनं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्ध्या तासात फोटो आला, टाकणाऱ्यानं खाली हात जोडलेले इमोजी पण टाकले. त्याच्या बायकोनं गरम पाणी आणि उलथनं घेऊन कागद खरवडला, कागद निघाला पण दाराच्या सनमायकावर पांढरा चौकोन राहिला, तो शेवटपर्यंत गेला नाही. तो फोटो फिरत फिरत माझ्यापर्यंत आला तेव्हा मला कळलं. दोन दिवसांनी तीच नोटीस दोन पेपरात आली, एक इंग्रजी आणि एक मराठी. हे बँकेच्या मर्जीवर नाही बरं का, नियमच आहे की ताबा घेतल्यापासून सात दिवसांत दोन पेपरात छापायची आणि त्यातला एक स्थानिक भाषेतला पाहिजे.

हा ताबा कागदावरचा असतो, त्याला सांकेतिक ताबा म्हणतात, माणसं घरातच राहतात, म्हणून पुष्कळांना वाटतं की काही झालंच नाही. पण इथून ४५ दिवसांचं दुसरं घड्याळ सुरू होतं. या ४५ दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्ज वसुली न्यायाधिकरणात, कलम १७ खाली अर्ज करता येतो. पुण्यात आहे, मुंबईत तीन आहेत, नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला आहे. दिवाणी कोर्टात जाऊन उपयोग नाही, या कायद्यानं ते दार बंदच केलंय. आधी डीआरटीत जायलासुद्धा मागितलेल्या रकमेच्या ७५ टक्के भरावे लागायचे, म्हणजे ज्याच्याकडं पैसे नाहीत म्हणून घर चाललंय त्यानंच आधी पाऊण पैसे आणायचे, २००४ साली मार्डिया केमिकल्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं ती अट उडवली. आता पहिल्या पायरीला कोर्ट फी सोडून आगाऊ काही भरावं लागत नाही. वरच्या अपिलाला मात्र ५० टक्के भरावे लागतात, फार तर २५ पर्यंत खाली येतात.

आम्ही डीआरटीत गेलो नाही. एकजण भेटला, बँकेत ओळख आहे सेटिंग करून देतो म्हणाला, ३५ हजार घेऊन गेला आणि ४५ दिवस पण घेऊन गेला. पोलिसात जा म्हणालो तर भाऊ म्हणे आधीच अब्रू गेलीय.

आता माझी चूक. मी त्याला म्हणालो, घाबरू नकोस, लिलाव झाला तरी महिना असतो. मी हे अगदी खात्रीनं म्हणालो कारण १४ वर्षं मी तेच बघितलं होतं. पतसंस्थेची वसुली राज्याच्या कायद्यानं चालते, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०. त्यात कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकांकडून वसुली दाखला मिळवायचा, आमच्याकडं नुसतं 'एकशे एकचा दाखला' म्हणायचे, मग कलम १५६ आणि नियम १०७ प्रमाणं मागणी नोटीस, जप्ती, अपसेट प्राईस, म्हणजे लिलावाची कमीत कमी किंमत, मंजूर करून घ्यायची, जाहीर लिलाव. बोली लागली की घेणाऱ्यानं जागेवर १५ टक्के भरायचे आणि बाकीचे १५ दिवसांत. पण खरी गोष्ट त्याच्या पुढं आहे. लिलाव झाल्यावरसुद्धा ३० दिवसांच्या आत कर्जदारानं सगळी बाकी, खर्च आणि घेणाऱ्याला ५ टक्के भरपाई एवढं भरलं तर लिलाव रद्द होतो, घर परत. मी स्वतः बघितलंय, फलटणकडचा एक मनुष्य एकोणतिसाव्या दिवशी संध्याकाळी पिशवीत नोटा घेऊन आला होता, आम्ही साडेसातपर्यंत मोजत बसलेलो. तर माझ्या डोक्यात तेच.

पण बँकेचा कायदा वेगळा. तो केंद्राचा, सुरुवातीला लांबलचक इंग्रजी नाव लिहिलं तोच, २००२ चा, त्याला थोडक्यात सरफेसी म्हणतात. त्यातही सुरुवातीला घर विकलं जाईपर्यंत पैसे भरून सोडवता यायचं. २०१६ ला कलम १३(८) बदललं आणि आता लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध व्हायच्या तारखेच्या आधीच सगळे पैसे भरले पाहिजेत. सप्टेंबर २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या केसमध्ये, नवी मुंबईतली जागा होती ती, सुप्रीम कोर्टानं स्पष्टच सांगितलं की नोटीस प्रसिद्ध झाली की सोडवून घ्यायचा हक्क संपला. संपादक साहेब, म्हणजे रात्री तुमच्याकडं ते पान मशिनवर चढतं आणि सकाळी पेपरवाला पोरगा तो दारात टाकतो तोपर्यंत एका कुटुंबाचा हक्क संपलेला असतो. आणि ते कुटुंब पेपर उघडून आधी क्रिकेट बघतं.

पुढचं पटपट सांगतो. बँकेनं जिल्हाधिकाऱ्यांकडं कलम १४ खाली अर्ज केला. तिथं कर्जदाराचं म्हणणं ऐकायची पद्धत नाही, कागद बरोबर आहेत का एवढंच बघतात आणि ३० दिवसांत, फार फार तर ६० दिवसांत आदेश काढायचा असतो. मुंबईत हेच काम मॅजिस्ट्रेटकडं जातं. जानेवारी २०२४ मध्ये मंडल अधिकारी, दोन पोलीस, बँकेचा माणूस आणि कुलूपवाला आले. कुलूपवाला बिचारा सारखा सॉरी म्हणत होता. सामानाची यादी केली, गॅसची शेगडी, मिक्सर, पोराची सायकल, सगळं कागदावर. भावाची पोरं तेव्हा शाळेत होती, ती परस्पर माझ्याकडं आली.

फेब्रुवारीत लिलावाची जाहिरात आली, राखीव किंमत २४ लाख. जाहिरात येऊन आठ दिवस झाले आणि त्याच सोसायटीतले एक काका आले, त्यांच्या जावयाला फ्लॅट पाहिजे होता, २९ लाख द्यायला तयार, चेक पण घेऊन आले होते. मी उड्या मारत बँकेत गेलो. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या, पाणी दिलं, फाईल उघडून दाखवली आणि म्हणाल्या, काका, आठ दिवस आधी यायचं होतं, आता त्यांनी लिलावातच बोली लावायची, आमच्या हातात काही नाही. मी त्यांच्याशी भांडलो. तीस दिवसांचं सांगायला लागलो, नियम १०७ सांगितला, त्यांना तो माहीतच नव्हता, त्यांना माहीत असायचं कारण पण नव्हतं. परत येताना पीएमटीच्या बसमध्ये बसल्यावर कळलं की मी त्याला महिनाभर चुकीच्या कायद्यावर झोपवून ठेवलं होतं. जावयाच्या घरच्यांना लिलावाचं घर नको होतं, अपशकुन. मार्चमध्ये एकच बोली आली, २४ लाख १० हजार. बँकेचं कर्ज, व्याज, वकील, जाहिरात, वॉचमन सगळं धरून २० लाख १५ हजार झाले. उरलेले ३ लाख ९५ हजार भावाचे, कायद्यानं ते बँकेनं द्यायचेच असतात, पण चार महिने अर्जावर अर्ज केल्यावर आले. पुष्कळांना तर हे उरलेले मागायचे असतात हेच माहीत नसतं. आणि उलटं झालं, म्हणजे लिलावात कमी आले, तर बँक राहिलेल्या रकमेसाठी परत मागं लागू शकते, घर गेलं म्हणजे कर्ज गेलं असं नाही.

माझी भाची अमेरिकेत डॅलसला असते, तिला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली मामा याला इकडं फोरक्लोजर म्हणतात. मी म्हणालो अगं आपल्याकडं लोन फोरक्लोज केलं की पेढे वाटतात! आपल्याकडं तो शब्द मुदतीआधी कर्ज फेडून टाकण्याला चिकटलाय, कॉल सेंटरवाले पण तोच वापरतात, आणि खऱ्या जप्तीला लोकांकडं धड शब्दच नाही, 'बँकेनं सील केलं' एवढंच म्हणतात. तिनं सांगितलं तिकडं प्रत्येक राज्याचा कायदा निराळा, तिच्या टेक्सासमध्ये कोर्टात न जाता महिन्याच्या पहिल्या मंगळवारी लिलाव होतात, २१ दिवस आधी नोटीस, आणि न्यू जर्सीत कोर्टातून जावं लागतं आणि शेरीफ लिलाव करतो. मला हसू आलं, म्हटलं आपल्याकडं तर एकाच गल्लीत दोन कायदे आहेत. पतसंस्थेचं कर्ज असेल तर राज्याचा आणि बँकेचं असेल तर केंद्राचा. आणि पाटीवर 'सहकारी' लिहिलंय म्हणून तो राज्याचा समजू नका, सहकारी बँकांनासुद्धा सरफेसी वापरता येतो हे आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी मे २०२० मध्ये ठरवलंय. त्यामुळं पाटीवर 'बँक' आहे का 'पतसंस्था' ते आधी वाचायचं.

दोन्हीत चांगलं-वाईट आहे, मी काय पतसंस्थेची वकिली करत नाही. लिलावानंतरचे ३० दिवस राज्याच्या कायद्यात आहेत ते केंद्राच्या नाहीत. पण १०१ च्या दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली वर दाद मागायची तर आधी निम्मी रक्कम भरा म्हणतात, आणि डीआरटीत ते नाही. सरफेसी शेतजमिनीला लागत नाही, १०१ लागतो. ज्याला हे माहीत नाही तो माझ्यासारखा एका कायद्याच्या भरवशावर दुसऱ्यात बुडतो, आणि मी तर त्यातला जाणकार म्हणवून घ्यायचो, नातेवाइकांत कुणाचं कर्जाचं काही असलं की 'दादाला विचारा'.

आता तुम्ही म्हणाल पेपरचा काय संबंध, जाहिरात आहे, बँक मजकूर देते आम्ही छापतो. मान्य. पण कायद्यानंच तुमचा पेपर या प्रोसेसमध्ये घातलाय ना. स्थानिक भाषेत छापा हे कशासाठी लिहिलंय, माणसाला कळावं म्हणूनच ना? मग 'निम्नस्वाक्षरीकार', 'प्रतिभूत धनको', 'उपरोक्त परिशिष्टातील स्थावर मिळकत' ही कुणाच्या घरात बोलायची भाषा आहे? माझा भाऊ बारावी झालेला, मशिनचं मॅन्युअल इंग्रजीत वाचणारा माणूस, त्याला ही मराठी नोटीस इंग्रजीपेक्षा अवघड गेली. बँकेनं दिलेल्या मजकुराला हात लावा असं मी म्हणत नाही, ते कायदेशीर असतं. त्याच्या खाली तुमच्या स्वतःच्या, संपादकीय, चार ओळी टाका. तेवढी जागा निघते, मी पट्टीनं मोजलीय, दीड सेंटिमीटर.

आणि एक, त्या ओळी लिलावाच्या जाहिरातीखाली नकोत. तिथं उशीर झालेला असतो. ताबा सूचनेखाली पाहिजेत. मी मसुदा करून पाठवतोय, तुमच्या कायद्याच्या माणसाला दाखवून दुरुस्त करा :

'वरच्या नोटिशीत तुमचं नाव असेल तर घर अजून गेलेलं नाही. ताबा घेतल्यापासून ४५ दिवसांत डीआरटीत अर्ज करता येतो, त्याला आधी टक्केवारी भरावी लागत नाही. पैसे भरून घर सोडवायचं किंवा बँकेच्या लेखी परवानगीनं स्वतः विकायचं तर ते लिलावाची जाहिरात छापून येण्याआधी करा, नंतर हक्क राहत नाही. लिलावात बाकीपेक्षा जास्त पैसे आले तर जास्तीचे तुमचे आहेत, लेखी मागा.'

चारच वाक्यं आहेत. भावाच्या बायकोला वाचून दाखवली, ती म्हणाली, हे तेव्हा दारावर लावलं असतं तर मी खरवडलं नसतं.

पुष्कळ बँका बारीक टायपाचे पण भरपूर पैसे देत असतील, त्यांना हे आवडणार नाही असं तुमच्या जाहिरात विभागाला वाटेल. मला नाही वाटत तसं. मी वसुलीत होतो, वसुलीवाल्याला घर नको असतं, पैसे पाहिजे असतात. लिलावाच्या घराला वास येतो, गिऱ्हाईक मिळत नाही, वॉचमनचा पगार चालू राहतो. कर्जदार ४५ दिवसांत उठून आला तर टेबलावरच्या माणसाचीपण सुटका होते, हे मी शपथेवर लिहून देतो.

आपला,
एक जुना वाचक (पतसंस्थेतला निवृत्त क्लार्क), चिंचवड

ता.क. हे पत्र लिहून झाल्यावर आजचा अंक परत उघडला. आतल्या पानावर तीन ताबा सूचना आहेत. भिंग लावून वाचल्या, त्यातल्या एकीतला पत्ता आमच्या मागच्या गल्लीतला आहे, किराणा दुकानाच्या वरचा मजला. ताब्याची तारीख गेल्या आठवड्यातली, म्हणजे अजून ३८-३९ दिवस शिल्लक आहेत. ओळख नाहीये, काय म्हणून जायचं कळत नाही, पण संध्याकाळी पेपर घेऊन जाऊन येतो.